दोन ९८००-एल कंट्रोलर, दोन इमारती: एसएसओ लावू की एन प्लस वन?

लहरमापक यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. हॉस्पिटलच्या कॅम्पसचं वायरलेस आहे. सध्या एकच कंट्रोलर (सगळे अ‍ॅक्सेस पॉइंट सांभाळणारा डबा) आहे, सिस्को कॅटॅलिस्ट ९८००-एल-सी, आयओएस एक्सई १७.९, इन्स्टॉल मोडमध्ये. मुख्य कॅम्पसवर १८० अ‍ॅक्सेस पॉइंट (एपी), सगळे ९१२०, लोकल मोड, ट्रॅफिक कंट्रोलरवरून सेंट्रल स्विचिंगने जातो. याशिवाय दोन शाखा आहेत, प्रत्येकी १२ एपी, लीज्ड लाइनवर, फ्लेक्सकनेक्टमध्ये लोकल स्विचिंग, म्हणजे ट्रॅफिक शाखेतच बाहेर पडतो. लॉगिन ८०२.१एक्सने (प्रत्येकाची ओळख तपासून), मागे आयएसई (ती ओळख तपासणारा रेडियस सर्व्हर).

आता दुसरा ९८००-एल घ्यायची मंजुरी मिळाली आहे. जुना ए इमारतीत आहे, नवा बी इमारतीत ठेवायचा आहे. फायबरने अंतर साधारण ३५० मीटर. दोन्हीकडे एकेक ९५०० कोअर स्विच, स्टॅकवाइज व्हर्च्युअलमध्ये जोडलेले (दोन्ही मिळून एकच स्विच). गेटवे कोअरवरच आहे.

प्रश्न असे:
१. एसएसओ जोडी (एक अ‍ॅक्टिव्ह, दुसरा त्याची माहिती घेऊन तयार असलेला स्टँडबाय) करावी, की दोन स्वतंत्र कंट्रोलर ठेवून एपीला प्रायमरी-सेकंडरी द्यावं (एन प्लस वन)?
२. आरपी पोर्ट (जोडीतले दोन डबे एकमेकांना जोडणारा) तर तांब्याचा आहे. ३५० मीटर कसं न्यायचं?
३. जुना ३५०४ कपाटात पडून आहे. त्याला तिसरा म्हणून लावता येईल का?
४. शाखांचं काय?

वॉर्डमधले वायफाय फोन आणि मॉनिटर यावर चालतात, त्यामुळे "दोन मिनिटांत परत येईल" हे उत्तर चालणार नाही.

---

ट्रंकपोर्ट

शेवटचं वाक्य वाचून पहिल्या प्रश्नाचं उत्तर ठरतं: मुख्य कॅम्पससाठी एसएसओ. एन प्लस वनमध्ये एपीला कंट्रोलर गेल्याचं स्वतः ओळखावं लागतं. कॅपवॅपचा (एपी आणि कंट्रोलर यांच्यातल्या बोगद्याचा) हार्टबीट डीफॉल्ट ३० सेकंदांचा. तो चुकला की पुन्हा विचारणा सुरू होते, डीफॉल्ट ५ वेळा, ३ सेकंदांच्या अंतराने. मग सेकंडरीकडे जॉइन, कॉन्फिग उतरणं आणि रेडिओ वर येणं. लोकल मोडमध्ये या सगळ्या वेळात क्लायंट बाहेर. फास्ट हार्टबीट लावून ओळखण्याचा वेळ कमी होतो, पण जॉइनचा वेळ तेवढाच राहतो. एसएसओमध्ये एपीचा कॅपवॅप बोगदा आणि रन स्थितीतल्या क्लायंटची माहिती स्टँडबायवर आधीपासून असते, त्यामुळे चालू कॉल टिकतो. जे क्लायंट त्या क्षणी लॉगिनच्या किंवा डीएचसीपीच्या मधोमध असतील ते मात्र तुटतात आणि नव्याने जोडले जातात.

ऑर्डर देण्याआधी मॉडेल नीट बघा. तुमचा एल-सी आहे. एल-एफ आला तर एसएसओ जोडी होणारच नाही, दोन्ही ९८००-एल असले तरी नाही. कोटेशनमध्ये नुसतं "९८००-एल" लिहिलेलं असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या. क्षमतेचं बघायचं तर परफॉर्मन्स लायसन्सशिवाय २५० एपी, तुमचे २०४, म्हणजे बसतात. जोडीची क्षमता एकाच डब्याएवढी राहते, बेरीज होत नाही.

आरपीबद्दल: एलवर आरपी आरजे-४५ आहे, म्हणून थेट केबल १०० मीटरपर्यंतच. ३५० मीटरला दोन रस्ते. एक, कोअरमधून स्वतंत्र व्हीलॅन, ज्यात या दोन पोर्टांशिवाय काहीही नाही आणि ज्याला एसव्हीआय (स्विचवरचा आयपी इंटरफेस) नाही. दुसरा, गिगाबिट मीडिया कन्व्हर्टरची जोडी आणि एक स्वतंत्र फायबर जोडी. मी दुसरा निवडेन. आरपी आणि डेटा एकाच कोअरमधून गेले तर कोअरच्या एका गडबडीत दोन्ही दुवे एकदम जातात, आणि दोन्ही दुवे एकदम जाणं हीच एसएसओमधली सगळ्यात वाईट अवस्था. कन्व्हर्टर दोन्हीकडे यूपीएसवर हवेत, भिंतीवरच्या सॉकेटवर नकोत. दुव्याच्या अटी: येण्याजाण्याची लेटन्सी ८० मिलिसेकंदांच्या आत, किमान ६० एमबीपीएस, एमटीयू १५००. ३५० मीटरला हे सहज जमतं.

आता आरएमआय, म्हणजे मॅनेजमेंट नेटवर्कमधून दोन्ही डब्यांना एकमेकांची खबर देणारा दुसरा दुवा. नुसत्या आरपीवर जोडी करू नका. आरपी तुटला की दोघंही "मीच अ‍ॅक्टिव्ह" म्हणून बसतात. १७.१ पासून आरएमआय आहे, तो वापराच. समजा वायरलेस मॅनेजमेंटचा पत्ता १०.२०.३०.१० आणि गेटवे १०.२०.३०.१. मग आरएमआयला त्याच सबनेटमधले .११ आणि .१२ द्या. आरपीचे पत्ते तुम्ही द्यायचे नसतात, ते आरएमआयच्या शेवटच्या दोन आकड्यांवरून आपोआप बनतात: १६९.२५४.३०.११ आणि १६९.२५४.३०.१२.

क्रम महत्त्वाचा आहे, कारण इथेच चालू कॉन्फिग पुसलं जाऊ शकतं. जोडी होताना अ‍ॅक्टिव्हचं कॉन्फिग स्टँडबायवर चढतं. रिकामा नवा डबा अ‍ॅक्टिव्ह झाला तर तुमचं भरलेलं कॉन्फिग गेलं. म्हणून:

आधी जुन्याचं कॉन्फिग बाहेर टीएफटीपीवर किंवा यूएसबीवर काढून ठेवा. नव्यावर अगदी तेच १७.९ चं पोटव्हर्जन चढवा आणि "शो व्हर्जन"मध्ये इन्स्टॉल मोड दिसतोय याची खात्री करा. बंडल मोडमध्ये असेल तर जोडी होणार नाही. नव्या डब्याला तात्पुरता वेगळा पत्ता द्या, समजा .१३.

दोन्ही डबे कारखान्यातून चेसिस क्रमांक १ घेऊन येतात. नव्यावर "चेसिस १ रीनंबर २" द्या, रीलोड करा. जुन्याची प्रायॉरिटी २ करा, नव्याची १ राहू द्या. मोठा आकडा जिंकतो.

मग दोन्हीवर तीच एक आरएमआय ओळ: रिडन-मॅनेजमेंट इंटरफेस, मॅनेजमेंट व्हीलॅन, चेसिस १ चा पत्ता .११, चेसिस २ चा .१२. सेव्ह करा. आधी जुना रीलोड करा. तो पूर्ण वर येऊन एपी घ्यायला लागला की मगच आरपीची केबल लावा आणि नवा रीलोड करा. जुन्याचा हा एक रीलोड टळत नाही आणि तेवढा वेळ कॅम्पसचं वायफाय बंद राहतं, एपी परत जॉइन होण्यासकट पंधरा मिनिटं तरी धरा. रात्रीची वेळ घ्या आणि वॉर्डना लेखी कळवा.

आणखी दोन ओळी विसरू नका. "वायरलेस मोबिलिटी मॅक-अ‍ॅड्रेस" हाताने द्या, नाहीतर स्विचओव्हरनंतर मोबिलिटीचा मॅक बदलतो आणि दुसऱ्या कंट्रोलरशी असलेले बोगदे पडतात. आणि "मॅनेजमेंट गेटवे-फेलओव्हर" चालू करा. त्याशिवाय अ‍ॅक्टिव्हचा डबा जिवंत पण अपलिंक मेलेला, अशा वेळी काहीच हलत नाही. गेटवे गेल्याचं ओळखायला डीफॉल्ट ८ सेकंद लागतात, कमीत कमी ६ करता येतात. डीफॉल्ट रूट स्टॅटिक आणि याच सबनेटमधल्या गेटवेकडे जाणारा हवा.

---

चॅनल_छत्तीस

ट्रंकपोर्ट सरांनी कंट्रोलरची बाजू सांगितली. स्विचच्या बाजूला एक चूक फार वेळा दिसते, ती आधी सांगतो. दोन्ही कंट्रोलरच्या केबली मिळून एकच पोर्ट-चॅनल (अनेक केबलींची मिळून एक वाट) करतात. तसं करायचं नाही. कंट्रोलरवर पोर्ट-चॅनलचं कॉन्फिग एकच दिसतं, पण स्विचवर ए इमारतीच्या डब्यासाठी एक आणि बी इमारतीच्या डब्यासाठी दुसरा, असे दोन वेगळे पोर्ट-चॅनल हवेत, दोन्हीवर तेच व्हीलॅन. एकच केलात तर स्विच अर्धी पाकिटं स्टँडबायकडे पाठवतो आणि "कधी चालतं, कधी नाही" असा आजार सुरू होतो. एलएसीपी (दोन्ही टोकांनी बोलून पोर्ट-चॅनल जुळवणारा प्रोटोकॉल) १७.१ पासून एसएसओ जोडीत चालतो, तो लावा. नुसतं "मोड ऑन" ठेवलं तर चुकलेली केबल पकडली जात नाही.

दुसरं, फायबरचा मार्ग. आरपीची जोडी, स्टॅकवाइज व्हर्च्युअलची जोडी आणि बी इमारतीचा अपलिंक एकाच चरातून गेले असतील तर जेसीबीचा एक फावडा पुरे. तेव्हा आरपी आणि आरएमआय दोन्ही जातात, दोन्ही कंट्रोलर अ‍ॅक्टिव्ह होतात, दोघांवर तोच .१० पत्ता. दुवा परत आला की त्यातला एक स्वतः रीलोड होऊन स्टँडबाय बनतो, पण त्याच्याकडे गेलेले एपी तेव्हा पडतातच. फक्त आरपी गेला आणि आरएमआय शाबूत असला तर मात्र काळजी नाही: अ‍ॅक्टिव्ह चालू राहतो, स्टँडबाय रिकव्हरीत जातो, आरपी आला की रीलोड होऊन परत जोडीत येतो. म्हणून आरपीसाठी दुसरा मार्ग शोधा, मग तो लांबचा का असेना. नकाशा सिव्हिल विभागाकडून मागून घ्या, केबल टाकणाऱ्याच्या तोंडी माहितीवर जाऊ नका.

३५०४ बद्दल: नको. त्याची क्षमता १५० एपी, तुमचे २०४. त्यावर एअरओएसचं शेवटचं व्हर्जन ८.१०. ९१२० त्याला जॉइन होईल, पण इमेज वेगळी असल्याने जाताना रीबूट, परत येताना पुन्हा रीबूट. पार्टिशनमध्ये ती इमेज नसेल तर आधी डाउनलोड. शाखांच्या लीज्ड लाइनवर बारा एपींनी एकदम इमेज मागितली की बाकीचं काम थांबतं. शिवाय टॅग (एपीला कुठलं कॉन्फिग लागू होतं ते ठरवणारी नावं) आणि प्रोफाइलची रचना तिथे नाही, म्हणजे सगळं कॉन्फिग दुसऱ्या पद्धतीने दोनदा सांभाळायचं. फेलओव्हरच्या डब्याचं व्हर्जन मुख्य डब्याशी जुळलंच पाहिजे, ही अट सोडू नका.

तिसरा हवाच असेल तर ९८००-सीएल, म्हणजे व्हर्च्युअल मशीनवर चालणारा कंट्रोलर. लहान साचा ४ व्हीसीपीयू, ८ जीबी रॅम, १००० एपीपर्यंत. व्हर्जन तेच १७.९. ही जोडी एसएसओ आणि तिच्यामागे सीएल एन प्लस वन, असं एकत्र चालतं.

---

लहरमापक

धन्यवाद दोघांनाही. व्हीएमवेअरचं क्लस्टर तिसऱ्या, सी इमारतीत आहे, कोअरशी वेगळ्या फायबरने जोडलेलं. तिथे सीएल बसवता येईल. मग एपीवर प्रायमरी म्हणून जोडी आणि सेकंडरी म्हणून सीएल दिलं की झालं का? टॅग आपोआप जातील?

---

कोअर_ते_काठ

टॅग आपोआप जात नाहीत, आणि एन प्लस वन फसण्याचं पहिलं कारण हेच. एपी सीएलवर जॉइन होतो, हिरवा दिसतो, पण एकही एसएसआयडी (वायफायचं नाव) नाही. बघायला गेलं तर पॉलिसी, साइट आणि आरएफ तिन्ही टॅग डीफॉल्ट. स्टॅटिक टॅग हे मॅक पत्त्यानुसार कंट्रोलरवर साठवलेले असतात, एपीवर नाही. दुसऱ्या कंट्रोलरला त्यांचा पत्ताच नसतो.

तीन उपाय. सीएलवरही तीच स्टॅटिक यादी घाला. किंवा एपीच्या नावावरून फिल्टर लिहा, म्हणजे नव्या एपीलाही लागू होतं. किंवा जोडीवर "एपी टॅग पर्सिस्टन्सी" चालू करा, मग एपी टॅगची नावं स्वतःकडे लिहून ठेवतो आणि नव्या कंट्रोलरला सांगतो. पसंतीचा क्रम स्टॅटिक, लोकेशन, फिल्टर, मग एपीवर लिहिलेले आणि शेवटी डीफॉल्ट, म्हणून सीएलवर एखादी जुनी स्टॅटिक नोंद राहिली असेल तर ती एपीच्या टॅगवर मात करते. तिसऱ्या उपायातसुद्धा त्या नावाचे टॅग सीएलवर आधी बनवलेले हवेत. नावात एक अंडरस्कोर इकडचा तिकडे झाला तरी जुळत नाही. तुमच्याकडे एपीची नावं इमारत-मजला अशा धाटणीची असतील तर मी फिल्टर सुचवेन, वॉर्डमध्ये एपी बदलला की कुणाला मॅक आठवत बसावं लागत नाही.

प्रायमरी-सेकंडरी देताना नाव आणि पत्ता दोन्ही द्या. नाव म्हणजे कंट्रोलरचं होस्टनेम, लहान-मोठ्या अक्षरांसकट तंतोतंत. जोडीसाठी .१० हाच पत्ता. .११ किंवा .१२ देऊ नका, ते आरएमआयचे आहेत, तिथे एपी जॉइन होत नाही.

सीएलच्या बाजूची तयारी थोडी वेगळी. त्याला कारखान्याचं प्रमाणपत्र नसतं, स्वतःचं एसएससी (स्वतःच सही केलेलं प्रमाणपत्र) बनवावं लागतं. ते नसेल तर एपीशी डीटीएलएस (सुरक्षित जोडणी) उभंच राहत नाही. जोडीशी मोबिलिटी लावताना सीएलच्या एसएससीचा हॅश जोडीवर नोंदवावा लागतो. घड्याळ चुकलं तरी प्रमाणपत्र नाकारलं जातं, म्हणून सगळ्यांचा एनटीपी एकच. फायरवॉल मध्ये असेल तर यूडीपी ५२४६ आणि ५२४७ कॅपवॅपसाठी, १६६६६ आणि १६६६७ मोबिलिटीसाठी. ईएसएक्सआयच्या पोर्ट ग्रुपवर प्रॉमिस्क्युअस मोड आणि फोर्ज्ड ट्रान्समिट्स "अ‍ॅक्सेप्ट" करा, नाहीतर एपी जॉइन होतील पण सेंट्रल स्विचिंगचे क्लायंट आयपीवाचून बसतील.

आयएसईमध्ये सीएलचा पत्ता वेगळं नेटवर्क डिव्हाइस म्हणून, त्याच शेअर्ड सीक्रेटसह टाका. सीओए (लॉगिननंतर आयएसईने परवानगी बदलणं) वापरत असाल तर सीएलवर डायनॅमिक-ऑथरच्या यादीत आयएसई हवा, पोर्ट यूडीपी १७००. एसएसओ जोडीत ही अडचण येत नाही, कारण रेडियसला नेहमी .१० च दिसतो.

सी इमारतीत क्लायंटचे सगळे व्हीलॅन ट्रंकने पोचतात का ते बघा. लोकल मोडचा ट्रॅफिक कंट्रोलरपाशी बाहेर पडतो. तिथे व्हीलॅन नसेल तर फेलओव्हर झाला तरी उपयोग शून्य.

शाखांसाठी: फ्लेक्स लोकल स्विचिंगमध्ये लाइन गेली तर एपी स्टँडअलोनमध्ये जातो आणि जोडलेले क्लायंट चालू राहतात. नवीन ८०२.१एक्स लॉगिन मात्र अडतं, कारण आयएसई पलीकडे आहे. दुसरा कंट्रोलर यात काहीच करू शकत नाही, लाइनच गेलेली असते. शाखेत एखादा रेडियस ठेवून फ्लेक्स प्रोफाइलमध्ये लोकल ऑथेंटिकेशन लावा, किंवा निदान अत्यावश्यक उपकरणांसाठी पीएसकेचा (सामायिक पासवर्डचा) वेगळा एसएसआयडी ठेवा, तो स्टँडअलोनमध्येही नवे क्लायंट घेतो.

---

ट्रंकपोर्ट

कोअर_ते_काठ यांच्या म्हणण्यात फॉलबॅकची भर. जोडी परत आली की सीएलवरचे सगळे एपी एकदम उड्या मारून परत जातात, आणि भर ओपीडीत दुसऱ्यांदा वायफाय जातं. एपी जॉइन प्रोफाइलमध्ये फॉलबॅक काय आहे ते बघा आणि बंद ठेवा. परत नेणं रात्री, मजल्यामजल्याने, हाताने.

आता चाचणी. "शो रिडंडन्सी"त स्टँडबाय हॉट दिसेपर्यंत काहीही ओढू नका. स्टँडबाय वर आल्यावरही बल्क सिंकला वेळ लागतो, त्याआधी स्विचओव्हर केला तर क्लायंट जाणारच. "शो चेसिस आरएमआय"मध्ये दोन्ही पत्ते आणि गेटवेची स्थिती बघा.

पहिली चाचणी सौम्य: "रिडंडन्सी फोर्स-स्विचओव्हर". एका लॅपटॉपवरून गेटवेला सतत पिंग, एका वायफाय फोनवर चालू कॉल. एखाद-दुसरं पाकीट जावं, कॉल तुटू नये. "शो एपी अपटाइम"मध्ये असोसिएशनचा वेळ शून्यावर आला असेल तर एपी टिकले नाहीत, नव्याने जॉइन झाले, म्हणजे एसएसओ नीट झालेलं नाही. हा आकडा पिंगपेक्षा जास्त खरं सांगतो.

दुसरी: अ‍ॅक्टिव्हची वीज काढा. कीपअलाइव्ह १०० मिलिसेकंदांचा आणि ५ चुका मोजतो, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आसपास स्टँडबायला कळतं. तिसरी: स्विचवर अ‍ॅक्टिव्हचा पोर्ट-चॅनल शट करा. इथे आठेक सेकंद जातील, ते बरोबर आहे. हलला नाही तर गेटवे-फेलओव्हर किंवा स्टॅटिक रूट तपासा. चौथी: फक्त आरपीची केबल काढा. स्विचओव्हर व्हायला नको, स्टँडबाय रिकव्हरीत जायला हवा. दर दोन चाचण्यांमध्ये परत स्टँडबाय हॉट येऊ द्या.

सीएलची चाचणी वेगळी करा: एकाच मजल्यावरच्या दोन-तीन एपींचा प्रायमरी तात्पुरता सीएल करा. टॅग बरोबर आले का, एपी रीबूट झाला का, ८०२.१एक्स लॉगिन होतं का, क्लायंटला आयपी कुठल्या व्हीलॅनचा मिळाला, एवढं बघा. एपी रीबूट झाला तर व्हर्जन जुळत नाही.

आणि पाहुण्यांच्या लॉगिनचं कस्टम पान वापरत असाल तर त्याच्या फाइली फ्लॅशमध्ये असतात, त्या कॉन्फिगबरोबर सिंक होत नाहीत. स्टँडबायच्या फ्लॅशवर कॉपी करा, सीएलवरही टाका.

---

लहरमापक

कोटेशनमध्ये खरंच नुसतं "९८००-एल" होतं, एल-सी करून घेतलं. फायबरच्या नकाशात आरपीसाठी ठरवलेली जोडी आणि स्टॅकवाइजची जोडी एकाच चरात आहेत. दुसरा मार्ग पार्किंगच्या बाजूने आहे, साधारण ६०० मीटर, तिथे फायबरचे दोन कोअर (काचेचे धागे) मोकळे आहेत. केबल सिंगल मोड आहे. कन्व्हर्टर एलएक्सचे (सिंगल मोडवर लांब अंतराचे) घ्यावेत ना?

---

चॅनल_छत्तीस

हो, एलएक्स, दोन्ही टोकांना एकाच कंपनीचे, लिंक फॉल्ट पास-थ्रू असलेले. ते नसेल तर फायबर तुटूनही तांब्याच्या बाजूचा दिवा हिरवाच राहतो. कीपअलाइव्हने कंट्रोलरला कळेलच, पण रात्री दोन वाजता दिवे बघून शोधणाऱ्या माणसाची दिशा चुकते. पास-थ्रूचा डिप स्विच बऱ्याचदा बंद असतो, लावायच्या आधी तपासा. लावण्याआधी दोन्ही कोअरचा लॉस मीटरने मोजून घ्या, मोकळे कोअर वर्षानुवर्षं टोपीविना राहिले की कनेक्टरमध्ये धूळ बसलेली असते. एक कन्व्हर्टर सुटा ठेवा, त्याचा अ‍ॅडॅप्टरसकट.